कडप्प्याचं झाड

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर एक भिंत आहे. १९९६ च्या नोव्हेंबरात बदली होऊन मी दिल्लीला गेले तेव्हा रोज तिच्यासमोरून चालत ऑफिसला जायचे. पांढऱ्या दगडावर काळा दगड पसरलेला. फांद्या म्हणाव्यात तर फांद्या, सावली म्हणावी तर सावली. येणारे-जाणारे मान वर करून बघायचे, ‘बरगद है’ असं एकमेकांना सांगायचे. मला पहिल्या दिवशी वड दिसलाच नाही. मला दिसला कडप्पा.

कडप्पा म्हटलं की महाराष्ट्रात कुणाच्याही डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला ओटा येतो. माझ्या डोळ्यांपुढे अण्णा येतात. माझे वडील सोलापुरात फरशीचं काम करायचे. जमिनीला शहाबादी, ओट्याला आणि फडताळाला कडप्पा, आणि एखाद्या डॉक्टरच्या नाहीतर वकिलाच्या घरी मोझॅक. आंध्रातून ट्रक आला की लाद्या उतरवून घ्यायला ते स्वतः वखारीत उभे राहत. लादी कधी आडवी ठेवू द्यायचे नाहीत. भिंतीला टेकवून, उभीच. प्रत्येक लादीवर बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकायचे. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर आत कुठेतरी चीर आहे. मग तांब्याभर पाणी ओतायचे. ‘कोरडा कडप्पा खरं सांगत न्हाई,’ असं म्हणायचे, ‘पाणी पडलं की रंग कळतो.’ सोलापूरच्या उन्हात ती राखाडी, धुळकट लादी पाण्याखाली एकदम काळीभोर व्हायची, आणि बघता बघता कडेपासून सुकत पुन्हा राखाडी व्हायला लागायची. तेवढं बघायला मी लहानपणी वखारीत जायचे.

तो आमचा ओट्याचा दगड दिल्लीत एवढ्या मोठ्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, मकराण्याच्या संगमरवराच्या, म्हणजे ताजमहालाच्या दगडाच्या मांडीला मांडी लावून बसलेला. मला फार आनंद झाला आणि रस्त्यातच रडू आलं. घरापासून इतकी लांब मी पहिल्यांदाच राहत होते. त्याच रात्री अण्णांना आंतर्देशीय पत्र लिहिलं.

ती इमारत ब्रिटिश कौन्सिलची. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली, १९९२ मध्ये पुरी झालेली. कोरिया म्हणजे मूळ गोव्याचे, मुंबईत राहून काम केलेले वास्तुविशारद. पणजीची कला अकादमी त्यांचीच. इमारतीच्या अगदी मागच्या टोकाला बिंदूभोवती फिरणारी आकृती आहे, मध्ये चारबाग, म्हणजे चार भागांची इस्लामी धाटणीची बाग, पुढे युरोपच्या बुद्धिवादाच्या काळाची खूण म्हणून फरशीत बसवलेली आकृती. भारतात रुजलेल्या एकेका विचाराची ही जागा. आणि या सगळ्याच्या पुढे, रस्त्याकडे तोंड करून, हे झाड. ते ज्याच्या कल्पनेतून आलं तो एक इंग्रज चित्रकार. हॉवर्ड हॉजकिन.

अण्णांचं उत्तर आठवड्याभरात आलं. घरची खुशाली दोन ओळी आणि मग: ‘दगड ओळखलास, बरं झालं. सांधे कसे आलेत ते बघून कळव. गोल कापात सांधा लपवणं अवघड.’

म्हणजे हॉजकिनची आणि माझी ओळख सांध्यांपासून झाली. मी दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे थांबून सांधे बघितले, आणि त्याच इमारतीतल्या लायब्ररीची वर्गणी भरली. त्या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले.

पहिल्याच पानावर अडखळले. ‘ब्रिटिश अमूर्त चित्रकार’. पुढची चित्रं बघितली तर तसंच वाटावं अशी. जाड ब्रशचे लांबरुंद फटकारे, ठिपके, पट्टे, हिरव्यावर शेंदरी, काळ्याआडून डोकावणारा निळा. माणूस नाही, घर नाही. मग खालची नावं वाचली आणि गोंधळ वाढला. ‘डिनर ॲट स्मिथ स्क्वेअर’. ‘मिसेस ॲक्टन इन दिल्ली’. ‘बॉम्बे सनसेट’. ‘रेन’. ही काय अमूर्ताची नावं झाली? ही तर कुणी घरी पत्र लिहिताना वर टाकावीत अशी नावं.

हॉजकिन स्वतः तो शब्द आयुष्यभर नाकारत राहिला. तो म्हणायचा की मी वस्तुस्थिती रंगवणाराच चित्रकार आहे, फक्त वस्तूंचं बाह्य रूप रंगवत नाही. मी भावनिक प्रसंगांची चित्रं काढतो. हे वाक्य त्याच्यावरच्या प्रत्येक लेखात येतं, आणि तरी त्याच लेखांच्या मथळ्यात ‘अमूर्त’ असतंच. याचा मला आजही राग येतो. माणूस चाळीस वर्षं सांगतोय की चित्रात एक खरं जेवण आहे, खरा पाऊस आहे, खरी दोन माणसं बोलत बसली आहेत. आपण फक्त त्यांची नाकं-डोळी दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच असं धरून चालतो.

मी दिल्लीला गेले तेव्हा त्याच शहरात वासुदेव गायतोंडे राहत होते. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, जे. जे.मध्ये शिकलेले. त्यांनाही ‘अमूर्त’ हा शब्द नको असे. ते आपल्या चित्रांना ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. पण त्यांचा नकार उलट्या बाजूनं होता. त्यांच्या चित्रामागे कुठली वस्तू नसते, जिच्यातून काही काढून घेतलं आहे असं म्हणावं. हॉजकिनच्या चित्रामागे मात्र नेहमी काहीतरी घडलेलं असतं. कुणाच्या तरी घरी, कुठल्या तरी संध्याकाळी. एकच शब्द दोघांनी दोन टोकांनी परत केला आणि आपण तो दोघांनाही चिकटवून ठेवला.

हॉजकिनचा जन्म ६ ऑगस्ट १९३२ चा, लंडनचा. क्वेकर या ख्रिस्ती पंथातलं जुनं, शिकलेलं घराणं. ज्या डॉक्टरांच्या नावानं हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग ओळखला जातो ते याच घराण्यातले. वडील मोठ्या रसायन कंपनीत नोकरीला आणि फुलझाडांचे नादी. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये आई आणि बहिणीबरोबर आठ वर्षांच्या हॉवर्डला अमेरिकेत लाँग आयलंडला पाठवलं गेलं. तिथे तीन वर्षं काढली. बाँबहल्ल्यांपासून दूर नेलेला हा मुलगा परक्या घरात, परक्यांची बोलणी ऐकत, कोपऱ्यात बसून वाढला, असं मला त्याचं पहिलं महत्त्वाचं चित्र बघून वाटतं.

त्या चित्राचं नाव ‘मेमॉयर्स’. १९४९ चं, म्हणजे तो सतरा वर्षांचा असतानाचं. एक खोली आहे. सोफ्यावर एक बाई पहुडलेली, तिच्या हातात ठसठशीत अंगठ्या, पण डोकं चित्राच्या कडेनं कापलेलं. समोर कुणीतरी बसून ऐकतंय. लाँग आयलंडवरच्या एका खोलीची ही आठवण. इथे माणसं अजून दिसतात, रेघा काळ्या आणि ठाम आहेत. पण आठवण म्हणजे काय ते त्या कापलेल्या डोक्यात आलेलं आहे. आपल्याला एखादी दुपार आठवते तेव्हा चेहरा कुठे आठवतो? अंगठी आठवते. पडद्याचा रंग आठवतो. आजीच्या शेवटच्या आजारपणातलं मला काय आठवतं विचाराल तर जर्मनच्या वाटीत खळखळणारा चमचा. पुढची पासष्ट वर्षं हॉजकिननं जे केलं त्याचं बी त्या सतराव्या वर्षी पडलेलं होतं.

इंग्लंडला परतल्यावर त्याला ईटन या नामांकित शाळेत घातलं. तिथून तो पळाला. शाळेतून पळून जाण्याचं त्याला वेडच होतं. पण ईटननं त्याला एक गोष्ट दिली. तिथले चित्रकलेचे शिक्षक विल्फ्रिड ब्लंट यांनी वर्गात भारतीय लघुचित्रं दाखवली, आणि तो मुलगा त्यांच्यात जो अडकला तो कायमचाच. शाळकरी वयातच त्यानं भारतीय चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली. पुढे आयुष्यभर स्वतःच्या चित्रांच्या कमाईतला मोठा वाटा तो त्यात घालत राहिला. मुघल, राजपूत, पहाडी, दख्खनी. हत्ती तर त्याला अतोनात प्रिय. संग्रह १२० चित्रांच्या वर गेला. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयानं २०१२ मध्ये तो दाखवला आणि आता त्यातला मोठा भाग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आहे.

या संग्रहातल्या एका चित्राशी मी फार वेळ थांबले. विजापूरचं, १६४५ च्या सुमाराचं. हत्तीवर सुलतान मुहम्मद आदिलशहा आणि त्याच्या मागे त्याचा हबशी वंशाचा मंत्री इखलास खान. हैदर अली आणि इब्राहिम खान या दोन चित्रकारांनी मिळून केलेलं. मुहम्मद आदिलशहा म्हणजे गोलघुमट ज्याचा, आणि शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तो. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच. घुमटाखालच्या सज्जात भिंतीला कान लावून एकमेकांची नावं कुजबुजायची, ती पलीकडून परत यायची. माझं नाव तिथे सात वेळा ऐकलेलं मला आठवतं. त्या घुमटाचा धनी लंडनच्या एका चित्रकाराच्या घरात हत्तीवर बसून राहत होता. ते समजलं तेव्हा हॉजकिन मला इंग्रज वाटायचाच कमी झाला. आपल्या दख्खनचा ऐवज परदेशी गेला याची हळहळ आहेच. पण घेणारा माणूस त्याच्यापुढे बसून शिकत होता, हेही तितकंच खरं.

तो काय शिकला ते मला सांधे बघणाऱ्या मुलीच्या नजरेनं कळलं. लघुचित्राला हाशिया असतो. चित्राभोवतीची रंगीत पट्टी, कधी सोन्याचा वर्ख लावलेली, कधी वेलबुट्टीची. आणि हत्तीचं शेपूट नाहीतर झाडाचा शेंडा खुशाल त्या पट्टीवर चढतो. कड चित्राला थांबवते आणि चित्र कडेला ओलांडतं. हॉजकिन सत्तरच्या दशकात कॅनव्हास सोडून लाकडावर रंगवायला लागला. कधी जुन्या फळ्या, कधी पाव कापायचा पाट, कधी जुन्या बाजारातल्या चौकटी, आणि तो चौकटही रंगवायचा. ब्रश आतून निघून सरळ चौकटीवरून बाहेर जायचा. त्याचं कारण त्यानं स्वतः सांगितलं आहे: जी भावना सांगायची ती जितकी निसटती, तितकी फळी जाड हवी, चौकट भारी हवी, कड ठसठशीत हवी, म्हणजे ती नाजूक गोष्ट आत सुरक्षित राहील.

अण्णा ओट्याच्या कडेला अर्ध्या इंचाची उभी पट्टी बसवायचे. पाणी मोरीकडे वळावं, पुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या लुगड्यावर उतरू नये म्हणून. गिऱ्हाईक पैसे वाचवायला पट्टी नको म्हणालं तर अण्णा ते काम घ्यायचे नाहीत. ‘कड नसली तर तो ओटा न्हाई, नुसता दगड,’ म्हणायचे. हॉजकिनचं ते वाक्य मी लायब्ररीत वाचलं तेव्हा ते मला अण्णांच्या आवाजातच ऐकू आलं.

चित्राच्या नावापुढे तो साल लिहायचा ते एक नसायचं, दोन असायची. ‘डिनर ॲट स्मिथ स्क्वेअर’ १९७५–७९. ‘रेन’ १९८४–८९. ‘लव्हर्स’ १९८४–९२. एका जेवणाला चार वर्षं, एका पावसाला पाच, एका मिठीला आठ. त्याचा स्टुडिओ ब्रिटिश म्युझियमच्या जवळ, पूर्वी दुधाची डेअरी होती त्या जागेत, वर काचेचं छत. अर्धवट चित्रं भिंतीला लावलेली आणि त्यांच्यापुढे मोठमोठे पांढरे पडदेवजा कॅनव्हास उभे केलेले, म्हणजे एका वेळी एकच चित्र दिसावं. तो पडदा सरकवून खुर्चीत बसायचा आणि बघायचा. तास जायचे. ब्रश उचललाच तर दोन-चार फटकारे, आणि पुन्हा पडदा. समोर माणूस बसवून, रेखाटन करून, फोटो ठेवून त्यानं कधी काम केलं नाही. सगळं आठवणीतून. लोणचं मुरतं तशी आठवण मुरू द्यायची, आणि मुरली की नाही ते रोज झाकण उघडून बघायचं.

हे बघत बसणं मला परकं नाही. अण्णा कापायच्या आधी लादीपुढे उकिडवे बसायचे. विडी संपेपर्यंत, कधी दुसरी संपेपर्यंत. आई म्हणायची, दगडाशी बोलून झालं की जेवायला या.

१९६४ मध्ये हॉजकिन पहिल्यांदा भारतात आला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या भारतीय विभागातले रॉबर्ट स्केल्टन यांच्याबरोबर. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी येत राहिला. इथे त्यानं काय बघितलं? आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी क्षितिजं बघितली आणि १९७१ मध्ये ‘इंडियन व्ह्यूज’ नावाची बारा छापचित्रं केली. प्रत्येकात खिडकीची चौकट आणि आत पळणाऱ्या जमिनीचे दोन-तीन रंग. सोलापूर-मुंबई प्रवास रात्रीच्या गाडीनं करणाऱ्या कुणालाही पहाटे हे दिसलेलं असतं. १९७८ मध्ये तो अहमदाबादला साराभाईंकडे राहिला, आणि कलमखुश या कागदाच्या कारखान्यात नुकत्याच गाळलेल्या, अजून ओल्याच असलेल्या हातकागदावर कापड रंगवायच्या रंगांनी चित्रं केली. ‘इंडियन लीव्ह्ज’. ओल्या कागदावर रंग पडला की तो पसरतो, परत घेता येत नाही. एका चित्राला पाच-पाच वर्षं लावणारा माणूस इथे क्षणात काम करत होता. १९८२ मध्ये टेट या कलासंग्रहालयानं ती चित्रं लंडनमध्ये मांडली.

आणि मुंबई. ‘बॉम्बे सनसेट’ १९७२–७३. ‘फॉय निसेन्स बॉम्बे’ १९७५–७७. फॉय निसेन हे ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे आणि जुन्या मुंबईचे फोटो काढत हिंडणारे गृहस्थ. कुणाची मुंबई ते चित्राच्या नावातच सांगून टाकलेलं, हे मला फार आवडतं. गेटवे नाही, व्ही.टी. नाही, एका मित्राची मुंबई. ‘फ्रॉम द हाउस ऑफ भूपेन खख्खर’ असंही एक चित्र आहे, १९७५–७६ चं. मुंबईत जन्मलेले, बडोद्यात हिशेब तपासनिसाची नोकरी करत चित्रं काढणारे भूपेन खख्खर त्याचे जिवलग. १९७९ मध्ये खख्खर इंग्लंडला गेले, हॉजकिन पूर्वी जिथे शिकला आणि शिकवत होता त्या बाथ अकादमीत राहिले. हॉजकिननं लग्न केलेलं, दोन मुलं झालेली. मग सत्तरच्या दशकात आपलं प्रेम पुरुषांवर आहे हे त्यानं मान्य केलं आणि तो संसार सोडला. पुढची तीसहून अधिक वर्षं तो संगीतावर लिहिणारे अँटनी पीटी यांच्यासोबत राहिला. खख्खर यांनीही इंग्लंडहून परतल्यावर स्वतःबद्दल चित्रांतून उघड बोलायला सुरुवात केली. दोन मित्रांनी एकमेकांना दिलेलं हे धैर्य त्यांच्या चित्रांइतकंच मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. ‘लव्हर्स’ला आठ वर्षं का लागली असतील याचा विचार करताना हे सगळं मनात येतं.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. पहिलं एकल प्रदर्शन १९६२ चं. १९८४ ला व्हेनिसच्या बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनचा प्रतिनिधी. १९८५ ला टर्नर पुरस्कार, ‘अ स्मॉल थिंग बट माय ओन’ या चित्रासाठी. ‘लहानशी वस्तू, पण माझी’. १९९२ मध्ये सर झाला. त्याच वर्षी आमची भिंत पुरी झाली.

तेव्हा भिंतीकडे परत येते. अण्णा १९९९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला आले. आयुष्यात पहिल्यांदाच. लाल किल्ला, कुतुबमिनार नंतर, आधी ती भिंत दाखव म्हणाले. धोतर, काळा कोट, हातात पाण्याची बाटली. भिंतीपुढे ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी जवळ गेले, काळ्या-पांढऱ्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा पुन्हा, वाटी पुसावी तसा. मग पेरानं टकटक केलं, कान लावला. ओंजळीत बाटलीतलं थोडं पाणी घेऊन दगडाला लावलं. तो तळहाताएवढा डाग काळाभोर झाला. दारावरचा गार्ड लांबून बघत होता, काही बोलला नाही.

‘ज्यानं कापलं त्याचा हात चांगला हाय,’ अण्णा म्हणाले. ‘नाव कुठं लिवलंय त्याचं?’

मी चित्रकाराचं नाव सांगितलं. ‘तो न्हाई गं,’ ते म्हणाले. ‘ज्यानं कापलं तो.’

ज्या कारागिरांनी हॉजकिनच्या फटकाऱ्यांची वळणं कडप्प्यातून छिनून काढली आणि मकराण्यात केसाएवढ्या सांध्यानं बसवली, त्यांची नावं मला मिळाली नाहीत. विजापूरच्या हत्तीखाली हैदर अली आणि इब्राहिम खान अशी दोन नावं साडेतीनशे वर्षांनी आपण घेऊ शकतो, आणि सात वर्षांपूर्वी बांधलेल्या भिंतीखाली घेऊ शकत नव्हतो. हे मला सलत राहिलं आहे.

परत येताना रिक्षात अण्णांनी विचारलं, त्याची बाकीची चित्रंही अशी काळी-पांढरीच का? मी म्हटलं, नाही, रंगांसाठीच तो जगभर ओळखला जातो. ते गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘दगडाला खोडता येत न्हाई. म्हणून त्यानं रंग ठेवला न्हाई.’ मी त्या वाक्याचा खूप विचार केला आहे. लाकडावर हॉजकिन आठ-आठ वर्षं एका आठवणीवर दुसरा थर, तिसरा थर चढवू शकत होता. खालचं चित्र वरच्याआडून डोकावत राहायचं. दगडात थर नाही. एकदा छिन्नी चालली की ती रेघ कायमची. आठवणीतला वड रंगवायचा असता तर त्यानं हिरवा, शेंदरी, काय काय वापरलं असतं. पण दिल्लीच्या उन्हात, रस्त्यावर, लोकांच्या अंगावर त्याला नुसती सावली टाकायची होती. सावलीला रंग नसतोच.

अण्णा २०११ मध्ये गेले.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी लीड्सला भावाच्या मुलीकडे गेले होते. तिथून आगगाडीनं थोड्याच अंतरावर वेकफील्ड, आणि तिथे काल्डर नदीच्या काठाला करड्या काँक्रीटचं हेपवर्थ संग्रहालय. हॉजकिनचा भारत हाच त्या प्रदर्शनाचा विषय होता. साठच्या दशकापासूनची चित्रं, आणि शेवटी, आयुष्याच्या अखेरच्या काळात मुंबईत राहून केलेली. तो ९ मार्चला वारला होता, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन. त्या महिन्यात लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन उघडायचं होतं. ते तो गेल्यावर दोन आठवड्यांनी उघडलं. त्यात त्याचं स्वतःचंही एक प्रचंड चित्र होतं, संगीत ऐकणाऱ्या चित्रकाराचं, २०११–१६ असं साल असलेलं. ते करताना दोन सुरावटी पुन्हा पुन्हा लावून ठेवल्या जायच्या.

छापलेल्या चित्रांवर वीस वर्षं काढल्यावर मी पहिल्यांदा खरी चित्रं बघत होते. पहिली गोष्ट लक्षात आली ती जाडी. चित्रं भिंतीपासून पुढे आलेली असतात, वस्तूसारखी, डब्यासारखी. बाजूनं बघितलं की लाकडाची कड दिसते, तिच्यावर उतरलेला रंग दिसतो. शेवटची चित्रं लहान होती. म्हातारपणी चाकाच्या खुर्चीत बसून केलेलं काम. फळीचं लाकूड बरंचसं उघडंच ठेवलेलं, आणि त्यावर मोजके फटकारे. तारुण्यातली चित्रं कशी गच्च भरलेली. इथे मात्र जागा मोकळी. उघड्या लाकडाच्या शिरा रंगाच्या आतून चालत गेल्या होत्या. मी एका चित्राच्या इतकी जवळ गेले की पुतणीनं माझा दंड धरला. मला अंगठा फिरवायचा होता, हे तिला मी सांगितलं नाही.

आमच्या सोलापूरच्या घराचं काम दोन वर्षांपूर्वी भावानं काढलं. ओट्याला ग्रॅनाइट घातलं, चकचकीत, कोरडं असतानाही काळं. जुन्या ओट्याची लादी अण्णांनी १९७४ मध्ये स्वतःच्या हातानं बसवलेली. पट्टी काही ठिकाणी झिजून गोल झालेली, मधोमध आईच्या खलबत्त्याच्या जागी खळगा. मिस्त्री ती फोडून ट्रॉलीत टाकणार होता. आईनं फोडू दिली नाही. चार माणसांनी उभी धरून ती मागच्या अंगणात नेली आणि नळाखाली, चार विटांवर मांडली. आता तिच्यावर कपडे धुतात. उरलेला वेळ ती करडी, धुळकट पडून असते. मे संपताना मी तिथेच होते. दुपारी एकदम आभाळ आलं, पहिले टपोरे थेंब लादीवर पडले, रुपयाएवढे काळे ठिपके, मग ठिपक्यांना ठिपके मिळत गेले. आई दारात उभी राहून म्हणाली, वाळत घातलेलं आत घे. मी म्हटलं, घेते, थांब जरा.